एक्सरचे वीर : न्याय, निष्कृती आणि काळ

एकटा वीर माणसाला आवडतो, पण वीरांची टोळी त्याहून अधिक आवडते. ग्रीकांनी आपले सगळे नामांकित योद्धे एका जहाजावर चढवून सोनेरी लोकर आणायला पाठविले. आपल्याकडे सुग्रीवाच्या सैन्यात कोणी उडणारा, कोणी सेतू बांधणारा, कोणी बुद्धी सांगणारा अशी गुणांची वाटणी झालेली आहे. अमेरिकेत १९४० साली चित्रकथांतील वीरांची पहिली मंडळी ‘जस्टिस सोसायटी’ या नावाने जमली. पुढे १९६० साली ‘जस्टिस लीग’ आणि १९६३ साली ‘अव्हेंजर्स’ आली. नावातच न्याय आणि सूड बसलेले आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आमच्या मुंबईतून १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स निघू लागली आणि १९७६ साली आबिद सुरती यांनी त्यांत ‘बहादूर’ आणला. हा बहादूर एका दरोडेखोराचा मुलगा. ज्या पोलीस अधिकाऱ्याचा सूड घ्यायचा त्याच्याच शब्दाने तो सुधारतो आणि पुढे गावाच्या रक्षणासाठी नागरिकांचे दल उभारतो. २०१९ साली आलेल्या ‘अव्हेंजर्स : एंडगेम’ या चित्रपटात तर वीरांची टोळी काळात मागे जाऊन मेलेल्यांना परत आणण्याचा खटाटोप करते, आणि त्यासाठी शोधते काय, तर सहा दगड!

हे सहा दगड त्यांना कुठे सापडले ते उपनगरांतील कोणताही शाळकरी मुलगा सांगेल. पण खुद्द बोरीवलीत असेच सहा दगड उभे आहेत, त्यांवरही वीरांची टोळी आहे, त्यांतही न्यायाचा आणि निष्कृतीचा प्रश्न आहे, आणि काळाचा प्रवास तर त्यांच्या रचनेतच आहे, हे सांगायला मात्र मोठी माणसेही अडखळतात. आज आम्ही त्या दगडांविषयी बोलणार आहो.

बोरीवली स्टेशनच्या पश्चिमेला एक्सर नावाचे जुने गाव आहे. गाव म्हणावे तर आता चहूकडे इमारती आहेत. पण ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ साली छापले गेले तेव्हा या गावाच्या पश्चिमेस एक सुरेख तळे होते, तळ्याच्या काठाला आमराई होती, आणि आमराईत काळ्या दगडाच्या सहा शिळा ओळीने उभ्या होत्या. त्यांतील चार सुमारे दहा फूट उंच आणि तीन फूट रुंद, उरलेल्या दोन ठेंगण्या. माथ्यावर मोठे कलश कोरलेले, कलशाला फितीसारखे लोंबणारे पट्टे, आणि वर अधांतरी तरंगत हार घेऊन येणाऱ्या आकृती. यांना आपण वीरगळ म्हणतो. महाराष्ट्रात वीरगळ गावोगाव आहेत. वेशीबाहेर, देवळाच्या आवारात, कधी विहिरीच्या पायरीला लावलेले, कधी शेंदूर फासून देव बनविलेले. परंतु एक्सरच्या शिळांसारख्या उंच, भरगच्च आणि समुद्रावरची लढाई दाखविणाऱ्या शिळा फार दुर्मिळ आहेत.

वीरगळ वाचायचा तो खालून वर. ही गोष्ट ठाऊक नसली म्हणजे माणूस वरच्या देवापासून आरंभ करतो आणि गोंधळतो. सर्वांत खालच्या पट्ट्यात लढाई असते. त्याच्या वरच्या पट्ट्यात मेलेल्या वीराला अप्सरा विमानात बसवून नेत असतात. त्याहून वर तो कैलासात पिंडीची पूजा करीत बसलेला असतो. पुष्कळ वीरगळांच्या माथ्याशी चंद्र आणि सूर्य कोरलेले असतात. ते आकाशात आहेत तोवर ही कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. म्हणजे एकाच शिळेवर एकच माणूस तीन तीन वेळा दिसतो : लढताना, जाताना आणि पोहोचल्यावर. काळ इथे डावीकडून उजवीकडे धावत नाही. तो चढतो. चित्रपुस्तकात चौकटीमागून चौकट वाचायला शिकलेले आजचे मूल हा दगड आपल्यापेक्षा लवकर वाचते, असा आमचा अनुभव आहे. शिकलेल्या मोठ्या माणसाला आधी माहितीफलक लागतो!

आता एक्सरच्या शिळांवर काय आहे ते पाहू. काहींवर जमिनीवरची लढाई आहे. घोडेस्वार आहेत, हत्ती आहेत, हत्तींवरून बाण सोडणारे आहेत. बाकीच्यांवर समुद्र आहे. एका शिळेच्या तळाशी पाच जहाजे निघाली आहेत. नाळ उंच निमुळती, मधोमध डोलकाठी, बाजूला वल्ह्यांची रांग आणि वर धनुर्धाऱ्यांची गर्दी. वरच्या पट्ट्यात गाठ पडली आहे आणि माणसे जहाजावरून पाण्यात कोसळत आहेत. दुसऱ्या एका शिळेवर तर अकरा जहाजांचा ताफा आहे. लाटा दाखविण्याचा हव्यास पाथरवटाने धरलेला नाही. त्याचे सगळे लक्ष जहाजांवर आणि माणसांवर. वल्ही एका कोनात, एका तालात. ज्याने हे कोरले त्याने समुद्र दुरून पाहिलेला नव्हता, एवढे आम्ही खात्रीने म्हणू. एक्सरपासून खाडी किती जवळ हे ठाऊक असणाऱ्याला याचे नवल वाटणार नाही.

हे वीर कोणाचे? त्यांची नावे सांगेल असा वाचनीय लेख शिळांवर नाही. पण मुलूख कोणाचा होता हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. सुमारे इ. स. ८०० पासून १२६५ पर्यंत उत्तर कोकणावर शिलाहारांचे राज्य होते. ठाणे ही त्यांची राजधानी, म्हणजे ताम्रपटांतील स्थानक. साष्टी ही त्यांची षट्षष्टी, सहासष्ट गावांची. अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर ही आपली सारी वस्ती त्या सहासष्ट गावांच्या साष्टीतली. अंबरनाथचे शिवालय याच घराण्याच्या काळातले, शके ९८२ चे, म्हणजे १०६० सालचे.

या घराण्याने आपला मूळ पुरुष म्हणून कोणाला निवडले ते फार पाहण्यासारखे आहे. पुष्कळ राजकुळे सूर्याकडे किंवा चंद्राकडे धाव घेतात. शिलाहारांनी जीमूतवाहन निवडला. हा विद्याधरांचा राजपुत्र, म्हणजे आकाशगामी. गरुडाला रोज एक नाग खायला द्यायचा असा करार होता. एके दिवशी शंखचूड नावाच्या नागाची पाळी आली. त्याची आई रडत होती. जीमूतवाहनाने ते पाहिले आणि वध्यशिलेवर तो स्वतःच जाऊन पडला. गरुडाने त्याला उचलून खायला सुरुवात केली, पण हा बळी भीत नाही, उलट त्याच्या मुद्रेवर समाधान आहे, हे पाहून गरुड थबकला. खरा प्रकार कळल्यावर त्याला पश्चात्ताप झाला. हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकात शेवटी गौरी जीमूतवाहनाला उठविते, गरुड अमृत आणून आजवर खाल्लेले सगळे नाग जिवंत करतो आणि पुन्हा नाग न खाण्याची शपथ घेतो. शिलेवर आहार झाला म्हणून शिलाहार, असा नावाचा अर्थ लावतात.

चित्रपटातील वीर काळ उलटा फिरवून मेलेल्यांना आणतात. गरुडाने तेच अमृताने केले. परंतु या घराण्याने आपल्या ध्वजावर जीमूतवाहन लावला नाही. लावला तो सुवर्णगरुड. ज्याचा जीव गेला तो वंशावळीत, आणि ज्याने जीव घेतले व मग पश्चात्ताप केला तो निशाणावर. गरुडध्वज इतरही राजे मिरवीत, विष्णूचे वाहन म्हणून त्याचा मान मोठाच होता, हे खरे. तरी ज्या कुळाचा मूळ पुरुषच गरुडाच्या चोचीखाली गेला त्या कुळाला हे निशाण पाहताना ती कथा आठवली नसेल, असे आम्हांला वाटत नाही.

या घराण्यातील राजा अपरादित्य याच्या काळात एक मोठे संकट आले. शके १०४९, म्हणजे ११२७ सालच्या वडवली ताम्रपटात त्याचे वर्णन आहे. छित्तुक्क नावाचा कोणी असुरासारखा शत्रू उठला, मांडलिक त्याला जाऊन मिळाले, धर्म बुडाला, वडीलधारी माणसे नाहीशी झाली, आश्रितांचे हाल झाले. अशा वेळी अपरादित्य एकटा, एका घोड्यानिशी, आपले दोन बाहू आणि हातातली तलवार एवढ्याच बळावर त्याच्यावर चालून गेला. आणि लढावे की पळावे हे त्या शत्रूला सुचेना, असे ताम्रपट म्हणतो. राजाचा कवी राजाला एकटाच लढवितो, ही त्या धंद्याची रीत आहे. त्याच्यामागे किती पायदळ आणि किती नाविक होते ते ताम्रपटाच्या पत्र्यावर मावत नाही. ते पाहायला वीरगळाकडेच यावे लागते.

पण अपरादित्याची खरी कीर्ती तलवारीची नाही. याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘अपरार्क’ या नावाने प्रसिद्ध असलेला मोठा भाष्यग्रंथ त्याच्या नावावर आहे. काश्मीरचा कवी मंख याने आपल्या काव्यात कोकणच्या अपरादित्याने काश्मीरच्या पंडितसभेत पाठविलेल्या तेजकंठ नावाच्या वकिलाचा उल्लेख केला आहे. आणि हा ग्रंथ काश्मिरात पुढे फार दिवस मानला जात असे. पुण्याच्या आनंदाश्रमाने विसाव्या शतकाच्या आरंभी तो दोन भागांत छापला. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याचा सविस्तर परामर्श घेतला आहे. साष्टीच्या राजाने कायद्यावर ग्रंथ लिहावा आणि तो काश्मिरात वाचला जावा, ही गोष्ट आपल्या उपनगरांतील किती वकिलांना ठाऊक असेल, देव जाणे.

याज्ञवल्क्याचे तीन अध्याय आहेत : आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. व्यवहार म्हणजे न्यायदान. प्रायश्चित्त म्हणजे चुकलेल्या माणसाला परत येण्याची वाट. आमच्या आजच्या विषयाची दोन टोके एकाच पोथीत शेजारी शेजारी बसली आहेत, आणि ती पोथी ज्याने उलगडली तो राजा याच शिळांच्या मुलखाचा. म्हणून शिळा वाचताना ही पोथी हाताशी ठेवणे आम्हांला योग्य वाटते.

युद्धाविषयी याज्ञवल्क्य काय सांगतो? भूमीसाठी लढताना जे पाठ न दाखविता, कपटाची शस्त्रे न वापरता पडतात, ते योग्यांप्रमाणे स्वर्गाला जातात. वीरगळाच्या वरच्या पट्ट्याचा आधार हाच. त्याला लागूनच दुसरा नियम आहे : जे पळताना मारले जातात त्यांचे पुण्य राजाकडे जाते. आणि तिसरा नियम आहे कोणाला मारू नये याचा. ‘मी तुझा’ म्हणून शरण आलेला, शस्त्र हातात नसलेला, दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेला, युद्धातून माघारी वळलेला, नुसता पाहायला आलेला, अशांना मारू नये. आठशे नऊशे वर्षांपूर्वीच्या साष्टीत युद्धाचा हा कायदा लिहिलेला होता. पाळला किती गेला, हा प्रश्न वेगळा. तो आजच्या युद्धांविषयीही वेगळाच राहतो.

आता पुन्हा शिळेकडे वळू. जमिनीवरच्या लढाईच्या एका शिळेवर एक पट्टा असा आहे की, धनुर्धारी वीर भालेतलवारी घेतलेल्या शत्रूंना तोंड देत उभा आहे आणि त्याचे साथीदार तलवारी घेऊन पळत सुटले आहेत. वीराची स्तुती करायची तर शत्रू दाखविले की पुरे. पळणारे कशाला कोरले? आम्हांला वाटते, इथे पाथरवटाने, किंवा ज्याने शिळा उभारण्याचा खर्च केला त्याने, एक निवाडा नोंदवून ठेवला आहे. गावाला ती माणसे ठाऊक असतील. त्यांची मुलेनातवंडे त्या आमराईत येत असतील. बहादूरच्या कथेत दरोडेखोराच्या मुलाला गावाच्या रक्षकांत जागा मिळते, अमेरिकन चित्रकथांत तर कालचा चोर आजच्या टोळीत हटकून भरती होतो. एक्सरच्या शिळेवर पळालेल्यांना वरच्या पट्ट्यात जागा नाही. पोथीत मात्र ‘माघारी वळलेल्याला मारू नये’ असे आहे. म्हणजे शत्रूने त्याला जिवंत सोडावे हा न्याय, पण त्याच्या स्वतःच्या गावाने त्याला कसे वागवावे याबद्दल शिळा फार कठोर आहे. या दोन्हींत आमचा कल पोथीकडे आहे, हे आम्ही लपवीत नाही.

आता या शिळा कोणत्या लढाईच्या, या वादाकडे येऊ. शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर. त्याचा शके ११८१ चा, म्हणजे १२५९ चा रानवडचा लेख आहे. देवगिरीचा यादव राजा महादेव याने त्याच्यावर स्वारी केली. जमिनीवर यादवांच्या हत्तींपुढे टिकाव लागेना, म्हणून सोमेश्वर जहाजांवर चढला. तिथेही त्याचा पराभव झाला आणि १२६५ च्या सुमारास तो समुद्रात बुडून मेला. ही हकीकत आपल्याला मुख्यतः महादेवाचा मंत्री हेमाद्री याच्याकडून कळते. हा तोच हेमाडपंत, ज्याचे नाव आपण महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या देवळाला चिकटवून मोकळे होतो. व्रते आणि दाने यांवरच्या आपल्या अवाढव्य ग्रंथात त्याने यादवांची राजप्रशस्ती घातली आहे. तीत तो म्हणतो की, सोमेश्वराने महादेवाच्या क्रोधाच्या आगीपेक्षा समुद्रातला वडवानल पत्करला. शब्द चतुर आहेत. पण बुडालेल्या माणसावर केलेली ही कोटी आहे, हे विसरू नये.

आधी हत्ती, मग जहाजे : शिळांवरही जमीन आणि समुद्र दोन्ही आहेत. त्यामुळे काही विद्वानांनी या शिळा सोमेश्वराच्या शेवटच्या युद्धाच्या ठरविल्या. दुसरे काही अभ्यासक कोरीव कामाच्या घडणीवरून अकरावे-बारावे शतक सांगतात. पहिले मत ऐकायला गोड आहे, कारण त्यात कथा पुरी होते. राजा बुडाला, राज्य गेले, आणि ज्यांनी त्याला साथ दिली ते आमराईत उभे राहिले. परंतु कथा पुरी होते एवढ्यासाठी पुरावा पुरा झाला असे मानणे, हा त्या मृतांवर अन्याय आहे. शिलाहारांनी साडेचारशे वर्षे या किनाऱ्यावर राज्य केले, गोव्याच्या कदंबांशी झुंजले, आपसांत भांडले. जहाजे अनेकदा निघाली असतील. ज्या वीराचे नाव गेले त्याला निदान चुकीच्या राजाच्या पदरी बांधू नये.

तरी पहिले मत खरे धरले तर एक फार मोलाचा प्रश्न उभा राहतो. हरलेल्या बाजूच्या वीरांच्या दहा दहा फुटी शिळा जिंकणाऱ्याने उभ्या कशा राहू दिल्या? १२७२ च्या ठाण्याच्या ताम्रपटात यादवांचा अधिकारी अच्युत नायक षट्षष्टीवर कारभार करताना दिसतो. म्हणजे नवी सत्ता इथे चांगली बसली होती. याचे उत्तर पुन्हा याज्ञवल्क्यात मिळण्यासारखे आहे. जिंकलेल्या देशातले आचार, व्यवहार आणि कुळांच्या रीती राजाने तशाच पाळाव्यात, असे तो सांगतो. मेलेल्यांची शिळा उभारणे ही कुळाची रीत. देवगिरीच्या अधिकाऱ्याने तिला हात लावला नसेल तर ते मनाचे औदार्य असेल, नाहीतर पोथीचे पालन असेल. आम्हांला दोन्ही चालेल. हेमाद्रीच्या कोटीपेक्षा ते बरे.

उरला काळाचा प्रवास. १८९५ साली वेल्सने कालयंत्र कथेत आणले, तेव्हापासून भूतकाळात जाऊन यावे ही हौस जगभर पसरली. मराठीत या विषयावरची आम्हांला सर्वांत प्रिय कथा डॉ. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा एका मुंबईत जाऊन पोहोचतात, जिथे पानिपतावर मराठे जिंकले आहेत, कारण विश्वासरावांना गोळी चाटून गेली, लागली नाही. या गंगाधरपंतांना सभांचे अध्यक्षस्थान भूषविण्याचा भारी नाद. त्या दुसऱ्या मुंबईत एका सभेत रिकामी खुर्ची पाहून ते बसतात आणि भाषण करू लागतात. तिथल्या श्रोत्यांनी अध्यक्षीय भाषणांची पद्धत केव्हाच मोडीत काढलेली असते, आणि मग गंगाधरपंतांचे जे होते ते आमच्या व्याख्यानमालेच्या चालकांनी अवश्य वाचावे.

गंगाधरपंतांप्रमाणे एक्सरच्या समुद्रावर जाता आले तर काय बदलावे? सोमेश्वराला जिंकवावे? मग महादेवाकडचे जे मेले त्यांचे काय? त्यांचीही कोणी आई रडली असेल. शिवाय यादवांचे राज्य कोकणात आले नसते तर पुढला सगळा पट बदलला असता. त्यात आपण आज या मंडपात बसलो असतो की नाही, हाही प्रश्नच. काळात मागे जाणाऱ्या सगळ्या कथा इथे येऊन अडतात : कोणाला वाचवायचे हे कोणी ठरवायचे? गरुडाने त्याचे उत्तर सरळ दिले. त्याने आपण मारलेले सगळेच उठविले, निवड केली नाही. पण त्याच्याजवळ अमृत होते.

आम्हांला जाता आले तर आम्ही काही बदलणार नाही, आम्ही वल्हेकऱ्यांना पाहू. पुन्हा शिळेकडे बघा. अकरा जहाजे आहेत, प्रत्येकावर वल्ह्यांची रांग आहे. धनुर्धारी वर उभे आहेत, लढत आहेत, पडत आहेत. विमानात बसून वर जातो तो शस्त्र धरणारा. ज्याने वल्हे धरले तो खालच्या पट्ट्यातच राहतो. जहाज बुडाले तेव्हा तो शस्त्रधाऱ्याबरोबरच बुडाला. याज्ञवल्क्याच्या नियमाप्रमाणे त्याने पाठही दाखविली नव्हती, आणि वल्हे मारणाऱ्याची पाठ तर नेहमी नाळेकडेच असते! त्याला स्वर्ग कोणत्या कलमाने नाकारला? अपरादित्यासारख्या टीकाकाराला हा प्रश्न कोणी विचारला असता तर त्याने काय निवाडा दिला असता, हे ऐकायला आम्ही एखादे कालयंत्र खुशाल भाड्याने घेऊ.

१९५७ साली मुंबई महानगरपालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली आणि एक्सर शहरात आले. गॅझेटियरमधल्या आमराईच्या जागी आज वस्ती आहे. जवळच मंडपेश्वरची लेणी आहेत, तिथे रविवारी माणसे जातात. एक्सरच्या शिळांकडे फारशी कोणी वळत नाहीत. ऊनपावसाने दगड झिजतो, आणि वीरगळाची झीज आधी चेहऱ्यांना लागते, मग हातांना, मग शस्त्रांना. वल्ह्यांच्या तिरप्या रेषा खोल मारलेल्या असतात, त्या शेवटी जातात. ज्यांना जायचे असेल त्यांनी ऊन तिरपे असताना जावे, म्हणजे कोरीव काम उठून दिसते. मुलांना बरोबर न्यावे, आणि त्यांना खालच्या पट्ट्यापासून वाचू द्यावे. धनुर्धाऱ्याला सोडून पळणारे ते साथीदारही त्यांना दाखवावेत. ते कोण आणि का पळाले, याचे उत्तर मुले आपापल्या परीने देतील. आमच्या ओळखीच्या एका लहान मुलीने दिले ते असे : ते मदत आणायला गेले आहेत.